मधाचा कांठ

शब्दांचा नाद लागलेल्या माणसास पेन्शन घेतल्यावर वेळ कसा घालवावा, हा प्रश्न सहसा पडत नाहीं. सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेल्यावर मी आतां लॅटिन कोशाचीं पानें चाळीत असतों. त्यांतील पेयांच्या नांवांनीं माझें लक्ष विशेष वेधिलें. संस्कृतांत ‘मधु’ हा एकच शब्द मध आणि मद्य या दोहोंचा वाचक आहे. रोमन लोकांनीं मात्र प्रत्येक मिश्रणास निराळें नांव दिलें. मध घातलेलें द्राक्षमद्य तें ‘मुल्सुम’. सुकविलेल्या द्राक्षांचें तें ‘पास्सुम’. शिपायांचें शिरका व पाणी तें ‘पोस्का’. आपण उंसाचा रस आटवून काकवी करितों, त्याप्रमाणें द्राक्षांचा रस निम्मा आटविला म्हणजे ‘देफ्रुतुम’ व तिसरा हिस्सा उरेपर्यंत आटविला म्हणजे ‘सापा’, असें प्लिनी सांगतो.

या गोड परिवारांत एक शब्द कडू आहे, तो ‘अब्सिंथियम’. ही वनस्पति आपल्या दवण्याच्याच कुळांतील, परंतु अतिशय कडू. द्राक्षरसांत ती उकळून केलेल्या पेयास ‘अब्सिंथितेस’ म्हणत. लॅटिन उत्सवांत कॅपिटोल टेकडीवर रथांची शर्यत होई व जिंकणारास अब्सिंथियम प्यावयास मिळे. आरोग्य हेंच मानाचें पारितोषिक, अशी पूर्वजांची समजूत असावी, असा प्लिनीचा तर्क आहे. पाडव्याच्या सकाळीं कडुनिंबाचा पाला खाणाऱ्या आपणांस त्यांत नवल वाटूं नये.

याच वनस्पतीचा दाखला इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत लुक्रेशियस कवीनें दिला आहे. मुलांनीं कडू औषध घ्यावें म्हणून वैद्य प्याल्याच्या कांठास मध लावितात. तसा आपण तत्त्वज्ञानास काव्याचा मध लावितों, असें तो म्हणतो. शिक्षकाच्या धंद्याचें याहून नेमकें वर्णन माझ्या वाचनांत नाहीं. धातूंचीं रूपें पाठ करवितांना गोष्टींचा व सुभाषितांचा मध मींही पुष्कळ लाविला आहे.

परंतु या शब्दाची पुढील हकीकत विचार करावयास लावणारी आहे. लॅटिन नांवावरून ‘अब्सिंथ’ व त्याच वनस्पतीच्या जर्मन नांवावरून ‘व्हर्मूथ’ हीं मद्यें निघालीं. औषधाचें नांव राहिलें, मात्रा सुटली. अब्सिंथच्या व्यसनाची एवढी ओरड झाली कीं, स्वित्झर्लंडनें १९१० सालीं व फ्रान्सनें १९१५ सालीं त्यावर बंदी घातली. ती या शतकांत उठली. उलटपक्षीं, सापा आटविण्यास रोमन लोक शिशाचीं भांडीं पसंत करीत आणि तें शिसें त्या गोड रसांत उतरे. म्हणजे कडवटपणांत औषध होतें व गोडींत विष!

हल्लीं शिक्षण सुखकर करण्याकडे सर्वांचा कल आहे. माझ्या नातवास पाढे रंगीत चित्रांच्या साहाय्यानें शिकवितात. त्याला चित्रें सगळीं आठवतात. सातआठें किती, हें मात्र बोटांवर मोजावें लागतें. कांठास मध अवश्य लावावा. परंतु प्याल्यांत औषध आहे कीं नाहीं, हें घरांतील वडील मंडळींनीं एकदां वांकून पाहावें.