गाठींचा हिशेब

गुरुजींच्या मुलाने माझ्या टेबलावर अहवाल ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवले. तपासलेल्या लसिका ग्रंथी 18, त्यांपैकी कर्करोग पोहोचलेल्या 2. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेला तेव्हा पाच आठवडे झाले होते.

“डॉक्टर, आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या तीस गाठी काढल्या. बाबांच्या अठराच का? मी त्यांना दुसरीकडे न्यायला हवं होतं का?”

शेजारी बसलेल्या गुरुजींचे म्हणणे नेमके उलट होते. “दोनच होत्या, त्याही काढल्या. मग आता केमोथेरपी कशाला?”

मी शल्यचिकित्सक नाही. पण मोठ्या रुग्णालयातला कागद समजून घेण्यासाठी माणसे अखेर कुटुंबवैद्याकडेच येतात. मी कोरा कागद घेतला आणि चित्र काढले.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते. त्याच्या डोक्याकडच्या भागात गाठ झाली, की पित्ताचा मार्ग अडून कावीळ होते. गुरुजींचे तसेच झाले होते. व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढतात. भोवतीच्या चरबीत लसिका ग्रंथी असतात. शल्यचिकित्सक त्या एकेक वेचून काढत नाहीत. ठरावीक भागातील ऊती त्यांच्यासह काढतात. पुढे पॅथॉलॉजिस्ट त्यांतील ग्रंथी शोधून मोजतात. म्हणून आकडा रुग्णाच्या शरीररचनेवर आणि तपासणीच्या बारकाईवरही अवलंबून असतो.

किमान 12, शक्यतो 15 ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा संकेत आहे. पाचच तपासल्या आणि एकीतही रोग सापडला नाही, तर त्या निष्कर्षावर विसंबता येत नाही. एक ते तीन ग्रंथी बाधित असणे हा एक टप्पा, चार किंवा अधिक हा त्यापुढचा. अठरा ग्रंथींमुळे गुरुजींचा टप्पा विश्वासाने ठरवता आला.

मग अधिक दूरपर्यंतच्या ग्रंथी काढल्या, तर आयुष्य वाढते का? इटली, अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियात रुग्णांचे दोन गट करून हे पडताळण्यात आले. व्यापक शस्त्रक्रियेने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. उलट काही रुग्णांना जुलाबांचा त्रास मात्र झाला. रक्तवाहिन्यांभोवतीच्या मज्जातंतूंना धक्का लागला, की तसे होते. “म्हणून तुमच्या निर्णयात चूक शोधू नका,” मी मुलाला म्हणालो. तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला.

मग मी गुरुजींकडे वळलो. “दोन ग्रंथी बाधित आहेत, याचा अर्थ रोगाच्या पेशी मूळ जागेवरून निघाल्या होत्या. काही रक्तावाटे यकृताकडे गेल्या असतील, तर त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि सुरीच्या आवाक्यातही येत नाहीत. केमोथेरपी त्यांच्यासाठी असते.” ग्रंथी निर्दोष निघाल्या, तरीही बहुतेकदा ती सुचवतात. फ्रान्स व कॅनडातील एका अभ्यासात (2018) शस्त्रक्रियेनंतर संयुक्त औषधे घेतलेल्या निम्म्या रुग्णांनी 54 महिन्यांचा टप्पा ओलांडला. एकच औषध घेतलेल्यांत हा टप्पा 35 महिन्यांचा होता. अर्थात ते रुग्ण निवडक, प्रकृतीने सक्षम होते. वयस्कांना काय झेपेल, हे कर्करोगतज्ज्ञ प्रकृती पाहून ठरवतात. उपचार साधारणतः सहा महिने चालतात आणि प्रकृती सावरली, की सुरू करतात.

“मी बरा होईन?” गुरुजींनी सरळ विचारले. होय म्हणण्याचा मोह झाला. पण मी म्हणालो, “खात्री देता येत नाही, गुरुजी. हा आजार परततो. पण तो लांबवण्याची, काहींच्या बाबतीत टाळण्याची सर्वांत चांगली संधी आत्ता आहे.”

काकूंनी मग वही काढली. मी सांगितले, त्यांनी लिहून घेतले : दर आठवड्याला वजन. रक्तातील साखर. शौच तेलकट, तरंगणारे होत असेल, तर डॉक्टरांना सांगून पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल, त्याही जेवणाबरोबरच. थोडे थोडे, पण अनेकदा खाणे. केमोथेरपी चालू असताना ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठणे.

निघताना गुरुजींनी मुलाच्या हातून अहवाल घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि त्याला म्हणाले, “चल, केमोची तारीख घेऊन येऊ.”