पहिले कडवे

माझे बालपण बेंगळूरच्या शिवाजीनगरमध्ये गेले. वस्तीला महाराजांचे नाव होते, पण जुन्या माणसांच्या तोंडी ती ब्लॅकपल्लीच राहिली होती. एकीकडे 1927 मध्ये बांधलेले रसेल मार्केट, जवळच सेंट मेरीचे उंच मनोऱ्याचे चर्च आणि मागल्या गल्ल्यांतून पाच वेळा ऐकू येणारी अजान. बेंगळूर एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते, ही गोष्ट आमच्या घरी पाहुण्यांना चहाच्या आधी सांगितली जाई. मात्र उंबरा ओलांडला की मराठी मागे राही. गल्लीत आम्ही मुले जी भाषा बोलत असू, तिच्यातले क्रियापद दखनी असे, नाम तमिळ किंवा कन्नड असे आणि शिवी ज्या भाषेतली अधिक झोंबेल त्या भाषेतली असे.

तुम्ही कधी कविता लिहिली नाहीत का, असे मला अधूनमधून विचारले जाते. मी हसून विषय बदलतो. वस्तुस्थिती अशी की मी एक कडवे लिहिले आहे. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ते कोठे छापून आले नाही; पण पुढे मी जे काही लिहिले, त्यातल्या एका वाक्याचेही तितके पाठांतर कोणी केले नसेल.

आमच्या वर्गात एक मुलगा अडखळत बोले. हजेरीला त्याचे नाव आले की 'हजर' एवढा एकच शब्द त्याच्या ओठांशी येऊन थांबे आणि सारा वर्ग श्वास रोखून वाट पाही. त्या थांबण्याला मी ताल दिला, यमक दिले. दुपारच्या सुटीपर्यंत ते कडवे सर्व बाकांवर पोचले होते आणि दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गातही. ते कडवे मी येथे देत नाही. पुन्हा एकदा प्रसिद्ध व्हावे अशी त्याची योग्यता नाही. हजेरी घेताना मास्तरांच्या ओठांवर उमटलेले हसू मात्र मी पाहिले होते. माझ्या साहित्यकृतीला मिळालेली ती पहिली मान्यता.

काही दिवसांनी तो मुलगा उशिरा येऊ लागला. नेमका हजेरी संपल्यावर तो दारात उभा राही, हात पुढे करी, छडी खाई आणि मुकाट्याने जागेवर जाऊन बसे. आळशी आहे, असे मास्तर म्हणत. आम्हालाही तसेच वाटे. स्वतःचे नाव पुकारले जाण्यापेक्षा त्याला छडी सुसह्य वाटत होती, हे कळायला मला कित्येक वर्षे लागली. उन्हाळ्याच्या सुटीनंतर तो आलाच नाही. त्याच्या वडिलांची बदली झाली असेल, आणखीही काही कारण असेल. आपल्या कडव्यामुळे तो गेला नाही, असे स्वतःला सांगण्याचा अधिकार मात्र मला उरलेला नाही.

या गोष्टीला आपल्या भाषेत नाव काय, असा प्रश्न मला समीक्षक म्हणूनही पडतो. थट्टा, टवाळी, खोडी हे शब्द फार सौम्य आहेत; ते घडलेल्या गोष्टीला आधीच क्षमा करून टाकतात. छळ आणि गुंडगिरी हे शब्द थेट पोलीसचौकीपर्यंत जातात. या दोहोंच्या मध्ये जे रोज, थोडेथोडे, हसतहसत घडते, त्याला धड नाव नाही. आणि ज्याला नाव नाही ते दिसत नाही. म्हणी मात्र अधिक जाणत्या आहेत. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, यात सारे आले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, यात उरलेलेही आले.

1982 मध्ये नॉर्वेच्या उत्तर भागात तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागचे कारण असावे, असे दिसून आले आणि तो देश हादरला. 1983 मध्ये तेथे सर्व शाळांसाठी मोहीम सुरू झाली. या विषयाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: हेतुपुरस्सर इजा, तिची पुनरावृत्ती आणि बळाची विषमता. तिसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन तुल्यबळ मुलांच्या भांडणात 'हात मिळवा आणि मिटवा' हा उपाय चालतो. जेथे एकीकडे एक आणि दुसरीकडे अवघा वर्ग असतो, तेथे तो दुबळ्याची दुसऱ्यांदा मानखंडना करतो. आपल्या 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ निषिद्ध ठरवला, हे उत्तमच झाले. छडीसाठी उचललेला हात त्यामुळे कायद्याला दिसू लागला. हजेरीच्या वेळचे हसू त्याला कसे दिसणार?

मराठी आत्मकथनांनी शाळेतले अपमान पुष्कळ नोंदवले आहेत. साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागलेल्या आणि शिपाई नसला की तहानलेले राहणाऱ्या बाल भीमरावांची हकीकत स्वतः डॉ. आंबेडकरांनीच लिहून ठेवली आहे. तो केवळ मुलांचा व्रात्यपणा नव्हता, समाजव्यवस्थेचे शासन होते. हा भेद पुसू नये. परंतु वर्गातली मुले कोणाला हसायचे हे घरून आणि गल्लीतूनच शिकून येतात, हेही तितकेच खरे. आणि आत्मकथने लिहितात ती सोसणारी माणसे. ज्यांनी कडवी रचली, त्यांची आत्मकथने माझ्या वाचनात फारशी आली नाहीत.

हे सारे आज लिहावेसे वाटले, त्याला गेल्या वर्षीचा एक प्रसंग कारण झाला. रात्री जेवताना माझा दहा वर्षांचा नातू शाळेच्या बसमधल्या एका नव्या मुलाची नक्कल करीत होता. तो मुलगा विजयपूरकडचा. त्याच्या कन्नडचे हेल वेगळे. नक्कल फर्मास होती. सारे हसले, मीही हसलो. मग सहज विचारले, "तो हसतो का रे तुमच्याबरोबर?"

"नाही आजोबा. तो हल्ली पुढे, ड्रायव्हरकाकांजवळ बसतो."

माझा घास हातातच राहिला. ती पुढची जागा मला ओळखीची होती.

जेवणानंतर मी त्याला माझ्या कडव्याची गोष्ट सांगितली. रागावलो नाही, रागावण्याचा अधिकार कोठून आणायचा? त्याने शेवटी एवढेच विचारले, "मग तुम्ही त्याला सॉरी म्हणालात?" मी नाही म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता.

मुलगा शाळेत जाऊन वर्गशिक्षिकांना भेटला. त्या बाईंनी दोघांना समोरासमोर उभे केले नाही. त्या नव्या मुलाशी एकट्याने बोलल्या, बसमधल्या मुलांशीही एकेकट्याने बोलल्या आणि बसमध्ये एक मोठे माणूस बसू लागले. असे प्रकार केवळ वर्गातच घडतात असे नाही. बसमध्ये, मधल्या सुटीत, स्वच्छतागृहाच्या वाटेवर, जेथे मोठ्यांची नजर नसते, तेथेही घडतात, असे त्या म्हणाल्या.

महिन्याभराने नातू मला म्हणाला, "आज बसमध्ये कोणीतरी पुन्हा नक्कल सुरू केली. मी हसलो नाही."

"मग?"

"मग काही नाही. थोड्या वेळाने तो थांबला."

फिनलंडमध्ये 2009 पासून देशभर राबवलेला शालेय कार्यक्रम याच गोष्टीवर उभा आहे: छळणाऱ्याला बळ मिळते ते पाहणाऱ्यांकडून, ते त्यांनी काढून घ्यावे. मी हे पुस्तकात वाचले होते. माझ्या कडव्याला त्या दिवशी अख्खा वर्ग श्रोता होता. त्यांतला एकजण जरी हसला नसता, तरी मी दुसऱ्या दिवशी ते म्हटले असते की नाही, याची मला शंका आहे. आणि मास्तर हसले नसते, तर नक्कीच म्हटले नसते.