मुशी, रोहू आणि पोरांचे प्रश्न

हळद शिजवून, पॉलिश करून बाजारात गेली. एप्रिलात दोन दिवस मोकळे मिळाले, म्हणून घरच्यांना घेऊन दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर जाऊन आलो. आजची नोंद शेताबाहेरची.

संध्याकाळी तिथं वाळूवरच मासळीचा लिलाव होतो. होड्यांतला माल आणायला बैलगाड्या थेट समुद्रात! पोरं मासे बघत होती, मी बैल.

थोरल्यानं खेळ काढला, "शार्क ओळखा." आपल्या शेततळ्यातल्या रोहू-कटल्याच्या गालावर एकच झाकण असतं, ते उचललं की लाल कल्ले दिसतात. शार्कला झाकण नाही. दोन्ही बाजूंना उघड्या फटी, बहुतेक जातींत पाच-पाच. धाकटीनं फटी मोजून हातभर लांबीची मुशी शोधली. पिक्चरमधल्या राक्षसाचीच ही जातभाई!

मासळीवाल्या मावशींनी हात लावू दिला. डोक्याकडून शेपटीकडं फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. कातडीवर दातांसारखे बारीक खवले असतात. आत हाड एकही नाही, सगळी कूर्चा, आपल्या कानात असते तशी.

मग मावशींनी मुशी चिरली आणि पोटातनं पिल्लं निघाली. सात. खेळ तिथंच थांबला.

"आबा, ही गाभण होती?"

आपल्याकडं गाभण जनावर कुणी कापत नाही. मी गप्प. मावशीच म्हणाल्या, "बाळा, जाळ्याला काय कळतंय?"

रात्री पोरांना हिशेब सांगितला. रोहूची मादी लाखांनी अंडी घालते, थोडी जगली तरी भागतं. मुशी मोजकीच पिल्लं देते. मोठ्या शार्कना तर वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात. रोहू म्हणजे राजगिऱ्याचं कणीस, शार्क म्हणजे म्हैस. रिकामा झालेला गोठा एका पावसाळ्यात भरत नाही.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. थोरला म्हणाला, "म्हणजे बियाणं राखायचे दिवस." बरोबर. पण आम्ही बघितलेली गाभण मुशी एप्रिलातली, त्या ६१ दिवसांच्या बाहेरची.

कोकणातले मच्छीमार किंवा मत्स्य अभ्यासक वाचत असतील तर सांगा: गाभण मुशी जाळ्यात जिवंत आली तर परत सोडता येते का? धाकटी रोज विचारतेय.