उशाशी वजन नको

29 जून 2024, शनिवार

रात्रीचे बारा होत आले. टी-20 विश्वचषकाची फायनल भारतानं सात धावांनी जिंकली आणि गल्लीत फटाके लागले. आमच्या घरी मात्र शेवटचं षटक अर्धंच दिसलं. जुन्या टीव्हीच्या पडद्याचा डावा भाग महिनाभर काळा पडतोय. सूर्यकुमारनं सीमारेषेवर घेतलेला झेल त्या काळ्या पट्ट्यात गेला, तो पोरांनी नंतर मोबाईलवर पाहिला.

माय बाजेवरून म्हणाली, "आता नवा आन लेकरा. मला तर निम्मीच माणसं दिसूलालीत."

उद्या रविवार. नांदेडला जाऊन येऊ.

30 जून, रविवार

वजिराबादेतून 43 इंची टीव्ही घेतला. इतकी वर्षं मी 43 इंच म्हणजे रुंदी समजत होतो. ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं, कर्णाचं माप आहे. टेप लावली तर पडदा भरतो साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच. भिंतीवर जागा शोधायची ती या दोन आकड्यांची.

वजन साडेसात किलो. पूर्वीचा डबा टीव्ही हलवायला दोन माणसं लागायची, हा मुलीनंही उचलून बघितला. हलका आहे म्हणूनच आता तो टेबलावर राहत नाही, भिंतीवर चढतो.

3 जुलै, बुधवार

कंपनीचा माणूस बसवायला आला. मुलगा भला होता, आज अजून चार घरं करायची म्हणाला. प्लग उत्तरेच्या भिंतीवर आहे, म्हणून त्यानं तिथंच जमिनीपासून पाच फुटांवर पेन्सिलनं मध्य धरला. त्याच भिंतीला लागून मायची बाज. टीव्ही बरोबर तिच्या उशावर येत होता.

ड्रिल लावायच्या आधी माय उठून बसली. "माणसाच्या डोस्क्यावर वजन टांगायचं नाई."

तो म्हणाला, "आजी, पडत नाही. चार स्क्रू असतात."

"भिंतच पडल्यावर स्क्रू काय करतीन?"

तो गप्प झाला, मीही. मी त्याला चहा पाजला आणि नंतर बोलावतो म्हणून सांगितलं. पेन्सिलची खूण भिंतीवर तशीच आहे.

मायचं हे भ्यालेपण आजचं नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. लातूर-उस्मानाबादकडं सुमारे दहा हजार माणसं गेली. जमीन हलली, पण माणसं मेली ती स्वतःच्या घराखाली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीनं लादलेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं ते ओझं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. आमचंही घर तेव्हा तसंच होतं. मायनं दुसऱ्याच दिवशी आमच्या उशाजवळच्या फळीवरची पितळी भांडी खाली उतरवली. ती फळी पुन्हा कधी भरली नाही.

4 जुलै, गुरुवार

शाळेतून येताना मुद्दाम बघत आलो. चहाच्या हॉटेलात टीव्ही छताला लागलेला, दवाखान्यात दारावर, मोबाईलच्या दुकानात माझ्या हाताच्या वर. घरोघरी गेलं तरी तेच, पाच-साडेपाच फूट.

इतका उंच का, याचा विचार करताना रामायण आठवलं. 1987 सालचा जानेवारी, मी सहा वर्षांचा. गल्लीत एकाच घरी टीव्ही. ते लोक रविवारी सकाळी तो ओसरीवर आणून टेबलावर टेबल रचून ठेवायचे. अंगणात शंभरेक माणसं मांडी घालून बसायची. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला पुढच्यांच्या डोक्यांवरून दिसावं म्हणून ती उंची होती. हॉटेलातही तसंच. लोक उभे असतात, येतात-जातात, रिमोटपर्यंत कुणाचा हात पोचू नये. उंच टीव्ही हा गर्दीचा टीव्ही आहे. घरात आम्ही पाच माणसं. पुढं कुणाचं डोकं नाही, तरी आम्ही गर्दीची उंची घरात घेऊन आलो आणि माना वर करून बसलो.

मायच्या मानेच्या मणक्याची झीज आहे. डॉक्टरांनी वर बघत बसू नका म्हणून सांगितलंय.

6 जुलै, शनिवार

आज घरातल्या प्रत्येकाचे डोळे मोजले. म्हणजे जो जिथं आणि जसा बसून टीव्ही बघतो, तिथं त्याला बसवलं आणि जमिनीपासून डोळ्यापर्यंत टेप धरली. उत्तरेच्याच भिंतीवर पेन्सिलनं रेघा मारत गेलो.

माय, खाली, पाठ टेकून: 26 इंच.
बायको, भाजी निवडत मांडीवर: 28.
मुलगी: 23. मुलगा: 25.
मी, खुर्चीवर: 43.
माय, बाजेवर बसलेली: 42.

सगळीकडं सांगतात की पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे 42 इंचांवर ठेवा. ते माप सोफ्यावर बसणाऱ्याचं आहे. आमच्या घरात सोफा नाही. दिवसाकाठी टीव्ही बघणारे पाचपैकी चौघं सतरंजीवर असतात. ते माप धरलं तर ते माझ्या खुर्चीला आणि मायच्या बाजेलाच जुळतं.

मग हिशोब मांडला. बसायची जागा पडद्यापासून आठ फूट. मध्य पाच फुटांवर धरला तर खाली बसलेल्या मायला जवळजवळ 20 अंश वर बघावं लागेल, मालिका संपेपर्यंत. मध्य 36 इंचांवर घेतला तर सहाच अंश. मला खुर्चीवरून चार अंश खाली बघावं लागेल. एवढं थोडं खाली बघणं मानेला वर बघण्यापेक्षा सोपं. म्हणून 36 ठरले. खालची कड जमिनीपासून साडेपंचवीस इंचांवर येईल.

बायको म्हणाली, "एवढा खाली? लोक हसतील." मी तिला तिच्या रेघेसमोर बसवलं आणि पुठ्ठ्याचा साडेसदतीस बाय एकवीसचा तुकडा भिंतीला धरला, आधी वर, मग खाली. ती काही बोलली नाही. जरा वेळानं तिनंच तो पुठ्ठा खालच्या जागी चिकटपट्टीनं लावून टाकला.

7 जुलै, रविवार

उंची ठरली, भिंत राहिली.

पश्चिमेला खिडकी आहे. त्या भिंतीवर टीव्ही लावला तर उजेड डोळ्यांवर येतो, तिच्यासमोर लावला तर उजेड काचेवर येतो. खिडकी बाजूला पडते अशा भिंती दोनच, उत्तर आणि दक्षिण. मायची बाज उत्तरेला अठरा वर्षं आहे. ती न हलवता दक्षिणेला टीव्ही लावावा, असं माझ्या मनात होतं.

दक्षिणेची भिंत जुन्या घराची. 2006 ला पुढचं माळवद पाडून ही खोली बांधली, तेव्हा ही भिंत ठेवली आणि वरून सिमेंटचा गिलावा दिला. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मुठीनं ठोकून ऐकलं, मग बारीक बिट लावून एक भोक पाडलं. आधी गिलाव्याची करडी पूड आली. इंचभर आत गेल्यावर पिवळसर भुरी माती भुरुभुरु गळायला लागली, थांबेचना.

"सर, भोकातून काय पडतंय ते बघायचं," मिस्त्री म्हणाले. "लाल भुसा आला तर वीट. करडा आला आन बिट आत जाताना रडली तर काँक्रीट. ही नुसती माती हाय. स्क्रूची गिट्टी हिच्यात फुगून काय धरणार? वर्षभरात चारी स्क्रू हातात येतील."

उत्तरेची भिंत नऊ इंची विटांची. तिथं लाल भुसा पडला, कोरडा आणि सारखा. म्हणजे टीव्ही तिथंच, आणि बाज हलणार. मायला कसं सांगावं ते कळेना. अठरा वर्षांची तिची जागा. तिथून तिला दारातून येणारा प्रत्येक माणूस दिसतो.

तिनं ऐकलं होतं. "बाजंला चार पाय हैत," ती म्हणाली, "भिंतीला हैत का?"

संध्याकाळी बाज दक्षिणेच्या भिंतीला गेली, उशी दाराकडंच ठेवली. तिनं तिथं पडून, मान वळवून दार दिसतंय का ते आधी बघितलं.

8 जुलै, सोमवार

ब्रॅकेट आणायला गेलो. दुकानात तीन तऱ्हा. भिंतीला चिकटून राहणारा फिक्स, थोडा खाली झुकणारा टिल्ट, आणि हात पुढं काढून हव्या त्या बाजूला वळवता येणारा. तिसरा घेतला असता तर स्वयंपाकघराच्या दारातूनही दिसला असता.

पण त्या हाताचा हिशोब केला. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर पेलते, तीच हात लांब करून धरली तर खांदा ओढला जातो. साडेसात किलोचा टीव्ही भिंतीपासून दोन इंचांवर असेल आणि पट्टीची उंची आठ इंच धरली, तर वरच्या स्क्रूंवर बाहेरची ओढ दोन किलोच्या आत राहते. तोच हात अठरा इंच बाहेर काढला की ओढ सतरा किलोच्या आसपास जाते, नऊपट. शिवाय कुणी येता-जाता धक्का देणार. भिंतीवरचा स्क्रू खाली ढळत नाही, तो बाहेर उपटून येतो.

टिल्ट घेतला. छताजवळच्या ट्यूबचा उजेड काचेत दिसायला लागला तर पडदा जरा झुकवता येईल. घ्यायच्या आधी टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांचं अंतर मोजून नेलं होतं, 200 बाय 200 मिलिमीटर. त्याला वेसा म्हणतात, ब्रॅकेटच्या खोक्यावर तेच आकडे छापलेले असतात. 

9 जुलै, मंगळवार

मिस्त्री संध्याकाळी आले. माझं 36 हे माप पडद्याच्या मध्याचं. पण आमच्या टीव्हीची भोकं मध्यापासून तीन इंच खाली आहेत, म्हणून पट्टीचा मध्य 33 वर घ्यावा लागला. हे लक्षात आलं नसतं तर टीव्ही तीन इंच वर गेला असता.

बोर्डाच्या सरळ रेषेत वर किंवा खाली भोक पाडायचं नाही, कारण भिंतीतली वायर तिथूनच जाते. सांध्यात पाडायचं नाही, विटेच्या पोटात पाडायचं. गिट्टी लांब घ्यायची. "गिलावा म्हणजे कातडं, सर. वजन हाडात बसवायचं." लेवल लावून दोन्ही टोकं बघितली, मग दहा मिलिमीटरची चार भोकं.

टीव्ही लगेच नाही लावला. पट्टीला दोरीनं वीस लिटरचा पाण्याचा भरलेला जार बांधला, टीव्हीच्या अडीच पटींहून जास्त वजन. रात्रभर तसाच राहू दे.

10 जुलै, बुधवार

सकाळी सव्वासातला एक मिनिट होतं. मी दाढी करत होतो. आधी घरघर आली, मालगाडी लांबून यावी तशी, आणि पायाखाली फरशी सरकली. पंखा हलत होता. "बाहेर!" माय ओरडली. तिचा आवाज इतका मोठा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मुलांना तीच पुढं घालून अंगणात घेऊन गेली.

दहा मिनिटांत मोबाईलवर आलं, केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता 4.5. मार्चच्या 21 तारखेलाही सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी तिकडूनच एवढाच धक्का आला होता. तेव्हा प्रशासनानं पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड काढायला सांगितलं होतं. माय गेली तीस वर्षं तेच सांगते.

आत आलो तर जार दोरीवर अजून हळूहळू झुलत होता. पट्टीच्या चारी स्क्रूंवर बोट फिरवलं. कुठं तडा नाही, भुसा नाही. पण यावरून ही पट्टी मोठा भूकंप पेलेल असं मी म्हणणार नाही. किल्लारीपुढं आजचं काहीच नाही. एवढंच कळलं की टीव्ही पडलाच तर तो दोन फुटांवरून सतरंजीवर पडेल. त्याच्याखाली कुणाची उशी नाही. स्क्रूपेक्षा या गोष्टीचा मला आज जास्त भरवसा वाटला.

दक्षिणेच्या भिंतीला बाज लावली, ती भिंत मातीची. हे दिवसभर मनातून गेलं नाही. रात्री बाज भिंतीपासून चार हात पुढं, खोलीच्या मध्याकडं ओढली. येत्या उन्हाळ्यात ती भिंत उतरवायची, पैसे कसेही उभे करायचे.

12 जुलै, शुक्रवार

टीव्ही लागला. पावसाचं आभाळ आलं की प्लग काढायचा, हे मुलीला शिकवलं. शेजारच्या काकू आल्या, "खाली कामून लावला हो?" म्हणाल्या. बायकोनं त्यांना सतरंजीवर बसवलं.

17 जुलै, बुधवार

आषाढी. पहाटे उठलो तर माय आधीच अंघोळ करून टीव्हीसमोर. पंढरपूरची पूजा दाखवत होते. बाजेच्या पायाला पाठ टेकून, मांडी घालून बसलेली. तिची मान सरळ होती.

टीव्हीच्या त्या भिंतीवर सहा रेघा आहेत, 23 पासून 43 पर्यंत. रंग देताना मी त्या पुसू दिल्या नाहीत. मुलं वाढतील, सगळ्यात खालच्या दोन रेघा वर सरकतील. तेव्हा पुन्हा टेप काढायची.