तरवडाचे कान

चैत्र सरता सरता लोहा-कंधारचा माळ आणि औसा-निलंग्याकडचे मुरमाड उतार सारखेच दिसू लागतात: गवत जळालेलं, बांध उघडे पडलेले आणि मधूनमधून पुरुषभर उंचीचं एक हिरवं झुडूप. तो तरवड. शेळ्याही त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि जनावर खात नाही ते निकामी, असा आपला जुना हिशेब. तो हिशेब चुकतो, असं माझं म्हणणं आहे. महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण. देखणंच, पण ते ओलाव्याचं, ओढ्याकाठचं झाड. मराठवाड्याला आपलं फूल निवडायचं झालं, तर ते तरवडाचं असावं, आणि नुसतं माळावर न सोडता अंगणात हाताने लावलेलं असावं.

लावायचं तर आधी ओळखायला हवं, कारण पिवळ्या फुलांची त्याची भावंडं पुष्कळ. पावसाळ्यात भाजीसाठी खुडतात तो टाकळा याच कुळातला, पण त्याच्या पानाला पर्णिकांच्या जेमतेम तीन जोड्या, आणि पाऊस सरला की तो वाळून जातो. तरवडाला बहुधा आठ ते बारा जोड्या. खात्रीची खूण देठाच्या बुडाशी असते: तिथे कानाच्या पाळीसारखी रुंद, गोलसर उपपर्णं असतात आणि ती लवकर गळत नाहीत. 1753 मध्ये लिनियसने या झुडपाला नाव दिलं तेही या कानांवरूनच. शेंग चपटी, कागदासारखी पातळ. फुलात मध नाही, नुसते पराग. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हा ते परागकोशाच्या भोकातून बाहेर पडतात.

कुणी म्हणेल, तरवड माजला म्हणजे माळ बिघडला. खरं आहे, अतिचराई झालेल्या जमिनीवर तो जास्त दिसतो. पण जमीन त्याने उघडी पाडलेली नसते. बाकीचं सगळं खाऊन संपल्यावर माती धरायला तो मागे उरलेला असतो, आणि उरणाऱ्यालाच दोषी धरणं हा आपला लाडका न्याय. दुसरा आक्षेप शोभेचा: रानटी झुडूप, त्याला कसला मान? देगलूर-धर्माबादची सीमा ओलांडली की याच झुडपाला तंगेडू म्हणतात. तेलंगणाचं ते राज्यफूल आहे आणि बतुकम्मा सणातल्या फुलांच्या उतरंडीत त्याचा मान मोठा. 1956 पर्यंत सीमेच्या दोन्ही बाजू एकाच हैदराबाद राज्यात होत्या. रेघ माणसांनी ओढली, तरवडाला ती ठाऊक नाही. आपल्याकडेही अनेक घरांत नवरात्रात घटावर तरवडाची माळ चढते. म्हणजे देवीला चालतं, ते फक्त अंगणाला चालत नाही. या उपेक्षेत आणखी एक धागा असावा अशी मला शंका आहे. त्याच्या सालीने पिढ्यान्‌पिढ्या चामडं कमावलं गेलं, आणि त्या कामाकडे गावाने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेतून झुडूपही सुटलं नसेल.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे: तो सगळीकडे येत नाही. मांजरा-गोदावरीकाठच्या भारी काळ्या रानात, जिथे पावसाळ्यात पाणी तुंबतं, तिथे त्याचा हट्ट धरू नये. निचऱ्याची हलकी जमीन द्यावी, भरपूर ऊन द्यावं. तपकिरी झालेल्या शेंगांतलं बी टणक असतं. त्यावर गरम पाणी ओतून रातभर भिजू द्यावं आणि मृगाच्या पहिल्या पावसावर जागेवरच टोकावं. सोटमूळ खोल जातं, म्हणून पिशवीतलं मोठं रोप हलवण्यापेक्षा हे बरं. सुरुवातीला वर काही घडत नाहीसं वाटतं, कारण ते खाली घडत असतं. बहर सरला की शेंडे छाटावेत, म्हणजे फुटवे दाटतात. एकदा जीव धरला की उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरातही त्याच्यासाठी वेगळी बादली काढावी लागत नाही. आणि भाद्रपद संपून घट बसतात, तेव्हा माळेची फुलं कुंपणाशीच मिळतात.