डागाळलेल्या सफरचंदांचा रस

सिमल्याहून जुन्या हिंदुस्तान-तिबेट रस्त्याने निघालं की साठ-पासष्ट किलोमीटरवर नारकंडा लागतं. तिथून रस्ता सतलजच्या दरीकडे उतरतो आणि देवदारांची जागा सफरचंदाची झाडं घेतात. हा थानेधार-कोटगढचा पट्टा. मागच्या सप्टेंबरमध्ये मी आणि बायको तिथल्या एका बागवानाच्या घरी चार दिवस राहिलो.

या बागांमागे सॅम्युअल स्टोक्स हा माणूस आहे. १९०४ साली ते अमेरिकेतून कुष्ठरोग्यांची सेवा करायला आले आणि इथलेच झाले. १९१६च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून ‘रेड डिलिशस’ जातीची रोपं आणून इथे लावली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवासही भोगला. १९३२मध्ये ते सत्यानंद झाले. कुलूत सफरचंद आधीपासून होतं, पण डोंगरातल्या गरीब शेतकऱ्याच्या हाती पैसा आला तो या गोड लाल जातीमुळे.

आपण इंदूरकर सफरचंद ओळखतो ते हातगाडीवरचं, चकचकीत, एका मापाचं. ते तसं का दिसतं, हे तिथल्या अंगणात कळलं. तोडलेली फळं रंग आणि आकारानुसार वेगळी होतात. गारांचा एवढासा खड्डा पडलेलं फळ बाजूला जातं. फळ लहान असताना दहा मिनिटं गारा पडल्या, तरी वर्षभराच्या मेहनतीचा भाव उतरतो. म्हणून आता झाडांवर जाळ्या ताणतात, आणि त्यांचा खर्चही मोठा असतो. बाजूला पडलेला काही माल सरकार खरेदी योजनेतून घेतं, त्याचा रस आणि अर्क होतो. उरलेल्यातून घरची मंडळी रस काढतात.

घरच्या काकींनी, म्हणजे तिथल्या भाषेत चाचीजींनी, आम्हालाही कामाला बसवलं. त्यांचा नियम एकच: डाग चालेल, कुज चालणार नाही. गारेचा वण फक्त सालीवर असतो, आत फळ तेच असतं. पण बुरशी आलेलं फळ सरळ फेकायचं, कारण तिचं विष चांगल्या दिसणाऱ्या भागातही उतरलेलं असू शकतं आणि ते उकळूनही जात नाही.

कृती सोपी आहे. दोन किलो सफरचंदं वाहत्या पाण्यात चोळून धुवायची. फोडी करून बिया काढायच्या, साल राहू द्यायची. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लगेच एका लिंबाचा रस चोळायचा. पाव पेला पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवायचं आणि मलमलच्या फडक्यातून पिळायचं. साधारण लिटरभर रस निघतो. तो मंद आचेवर ठेवायचा. वर फेस येतो, तो काढायचा. वाफा येऊन कडेला बारीक बुडबुडे दिसले की दोन मिनिटांनी गॅस बंद. खळखळ उकळलं तर ताजा वास जातो. गरम पाण्यात उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत भरून, गार झाल्यावर फ्रिजमध्ये. चार दिवसांत संपवायचा. साखर लागत नाही. चोथा तिथे गाईला जातो, आपण पराठ्यात किंवा शिऱ्यात घालू शकतो.

चाचीजी एक गोष्ट सहज बोलून गेल्या. खालच्या उंचीवरच्या काही बागा आता फळ धरत नाहीत, कारण ‘डिलिशस’ला हिवाळ्यात हजार-बाराशे तास कडक थंडी लागते आणि बर्फ कमी झालं आहे. काहींनी कमी थंडीत येणाऱ्या जाती लावल्या आहेत, पण नव्या झाडाला उत्पन्न यायला वर्षं जातात.

सराफ्यातल्या शिकंजीची सर या रसाला येईल का, हे घरोघरी ठरू द्या. पण या सप्टेंबरात फळवाल्याकडे वण असलेली सफरचंदं स्वस्तात दिसली, तर दोन किलो घ्या आणि मुलांना फोडी करायला बसवा. वण आणि कुज यांतला फरक त्यांना तिथेच कळेल.