बाळोती

गेल्या वर्षी आषाढात धाकट्या बहिणीचे बाळंतपण सांगलीला आईकडे व्हायचे होते. मी आपली निर्धास्त होते. दिवस भरायला चांगले चार आठवडे अवकाश होता. तोवर सहामाहीचे पाठ पुढे ढकलता आले असते, अर्धवट राहिलेल्या कादंबरीचे एखादे प्रकरणही हातावेगळे झाले असते. पण एका सकाळी शाळेची घंटा व्हायच्या सुमारास आईचा फोन आला. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पण पोर अगदी मूठभर आहे गं. तू ये."

मूठभर म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅम. आठ दिवसांची रजा लिहून दिली आणि एस. टी. गाठण्यापूर्वी मोती चौकातल्या एका दुकानात शिरले. तोपर्यंत आमच्याकडे बाळासाठी एक चिंधीसुद्धा घेतलेली नव्हती. जन्माआधी कपडे आणू नयेत, शिवू तर मुळीच नयेत, हा आमच्या आईचा दंडक. त्यावर बहिणीने आणि मी पुष्कळ वाद घातला होता आणि नेहमीप्रमाणे हरलो होतो.

दुकानातल्या मुलाने माझ्यापुढे खोक्यांची चळत लावली. प्रत्येकाला वरून पारदर्शक कागदाची खिडकी, आत टोपी, झबले, मोजे, लाळेरे असा सारा सरंजाम. एकावर अस्वल, दुसऱ्यावर जहाज. गळ्याला नायलॉनची लेस, पाठीला तीन बटणे. मी झबले उलटे करून शिवण चाचपू लागले, तेव्हा तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ती आतली बाजू आहे." मी मनात म्हटले, बाबा रे, ज्याला हे घालायचे त्याला तीच बाजू लागणार आहे. अस्वल आम्ही पाहणार. शिवण त्या पोरीला बोचणार. तरीही दोन खोकी घेतली. मावशीने रिकाम्या हाताने कसे जायचे? घरी सासूबाईंनी ट्रंकेतून खणाची कुंची काढून दिली. आमच्या घरातली सात पोरे त्या कुंचीत मिरवून मोठी झालेली. "बारशाला घाला, आणि आठवणीने परत आणा," असे बजावून त्यांनी ती माझ्या पिशवीत सारली. वर कंदी पेढ्यांचा पुडा ठेवला.

कऱ्हाडपासून पावसाने जो जोर धरला तो पेठनाका, आष्टा करीत सांगलीपर्यंत सोडला नाही. खिडकीशी बसल्या बसल्या मला एक गोष्ट सुचली आणि हसू आले. माझ्या कादंबऱ्यांतून मी आजवर तीन बाळंतपणे उरकली आहेत. एकीत तर पुरात, होडीमध्ये. पण तिन्हींत मिळून लंगोट असा एकही आलेला नाही. नायिकेच्या डोळ्यांतले अश्रू मी पानभर लिहिले. तिच्या दोरीवर काय वाळत होते ते लिहायला मला सुचले नाही.

चार दिवसांनी पोर घरी आली. आम्ही ते जहाजाचे झबले चढवले. त्याच्यात ती दिसेचना. गळ्यातून एक खांदा बाहेर, बाह्या बोटांच्या पलीकडे वीतभर लोंबताहेत, टोपी घसरून नाकावर. 'शून्य ते तीन महिने' असे आत छापले होते. ते कोणत्या देशीच्या पोरांचे माप कोण जाणे. इस्पितळातून आणलेले तयार लंगोटही, सगळ्यांत लहान आकाराचे असून, काखेपर्यंत येत. रात्रीपुरते ते ठीक होते. पण दिवसरात्र वापरले तेव्हा दोन दिवसांत मांड्यांच्या सांध्यांत लाल चट्टे उठले.

डॉक्टरांनी तर निराळेच सांगितले होते. अशा लहानग्या पोरीला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचे. मध्ये कापड नको, वरून पांघरूण. 1978 साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरी एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी ही रीत सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला नावही तसेच पडले आहे. म्हणजे मोती चौकातून मी जे आणले त्याच्याहून उत्तम कपडा आईच्या अंगावर आयताच होता! शेजारच्या काकू मात्र "थंडीवाऱ्याचं लेकराला उघडं?" म्हणून दोनदा कपाळावर हात मारून गेल्या.

पण चोवीस तास कोणी तसे बसू शकत नाही. बाळंतिणीला जेवायचे असते, निजायचे असते. आणि डोके झाकायला टोपडे, खाली लंगोट हे लागतेच. मऊ, जुने, सुती कापड हवे होते. येथे आमची खरी पंचाईत झाली.

माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. आईची नऊवारी लुगडी होती. वीस-वीस वर्षे धुऊन त्यांचे सूत असे झाले होते की हातात घेतले तर सायीसारखे लागे. त्यांची झबली झाली, दुपटी झाली, बाळोती झाली, आणि उरलेल्या चिंध्या गोधडीत गेल्या. पहिला कपडा जुना असावा असे आपल्या बायका म्हणत आल्या. त्यात दृष्ट न लागण्याचा भाग असेलही. पण नव्या कापडातली खळ आणि ताठरपणा दुसऱ्या कोणी तरी अंगावर झिजवून काढलेला असतो, हा व्यवहारही त्यात आहे. फिनलंडचे सरकार आपल्याकडच्या बाळंतविड्यासारखे कपड्यांनी भरलेले एक खोके आयांना देते. 1938 साली ते गरीब आयांसाठी सुरू झाले, 1949 पासून सगळ्यांना मिळू लागले, आणि त्या खोक्यातच बाळाला निजवताही येते. फार चांगली गोष्ट. पण जुने लुगडे कोणतेही सरकार देऊ शकणार नाही.

आता आई सहावारी नेसते, तीही न चुरगळणारी, चटकन वाळणारी. माझे कपाट तसेच, बहिणीचे तसेच. आम्ही घरभर हिंडलो. तीन बायकांच्या घरात मुठीएवढ्या पोरीला पुरेल इतके जुने सूत नव्हते. बहीण रडकुंडीला आली. "ताई, साधी चिंधी मिळू नये का गं?"

आई उठली आणि माडीवरच्या खोलीत गेली. बराच वेळ खाली आली नाही.

बाबा सांगलीच्या पेठेत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. जन्मभर धोतर नेसले. हळदीची धूळ फार चिवट. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा धोतराचे काठ आणि सोगा पिवळा झालेला असे. आई साबण लावी, की ते डाग एकदम लाल होत. लहानपणी आम्हांला ही जादू वाटे. मग धोतर उन्हात पडे आणि रंग आपोआप उडून जाई. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा पिवळे होऊन येत. 2016 साली ते गेले. आईने त्यांची धोतरे, सदरे, कोट सगळे देऊन टाकले. एक जोडी तेवढी ठेवली. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर चढले. आमच्या गावभागातल्या घराचा खालचा मजला बुडाला आणि आईला होडीतून बाहेर काढावे लागले. तेव्हा तिने छातीशी एक गठुडे धरले होते. आम्हांला वाटले दागिने असतील. दागिने माडीवरच राहिले होते.

तेच गठुडे घेऊन ती खाली आली. त्यातले धोतराचे एक पान तिने काढले, दाताने काठ तोडला आणि टरकन फाडले. त्या आवाजाने मी दचकले. आईचा हात मात्र थांबला नाही. पाच वारांच्या त्या पानातून चार झबली, दोन टोपडी आणि सात लंगोट निघाले. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला. बटणांच्या जागी आखूड बंद. टोपड्याला आत एकही सुटा दोरा नाही. मी आणलेल्या हातमोज्यांत तिने बोट घालून फिरवले, आतला लोंबता दोरा मला दाखवला आणि मोजे बाजूला टाकले. "हा बोटाला गुंडाळला म्हणजे बोट काळं पडतं. आपल्याला कळतसुद्धा नाही." शाळेत तीस पोरांना शिकवणारी मी, मला हे ठाऊक नव्हते.

काकू दारातच उभ्या राहिल्या. "अहो, गेलेल्या माणसाचं वस्त्र? आणि ते पाचवीच्या पोरीला?"

आई सुई ओवीत होती. वर न पाहता म्हणाली, "गेलेल्या माणसाचं घर चालतं, पेन्शन चालते. धोतर तेवढं चालत नाही होय?"

काकू गप्प झाल्या. पण जरा वेळाने त्याही टोपड्याला टाके घालायला बसल्या.

सात लंगोट दुपारपर्यंत संपत. बाहेर पावसाची धार लागलेली. दांडीवर टाकलेला कपडा दुसऱ्या दिवशीही दमट. शेगडीवर टोपली पालथी घालून आम्ही एकेक लंगोट वाळवत होतो, नाही तर इस्त्री फिरवत होतो. घरभर ओव्याच्या धुरीचा आणि ओल्या सुताचा वास. तिसऱ्या दिवशी मी धीर करून म्हटले, "आई, जोडीतलं दुसरं पान आहे ना?"

ती काहीच बोलली नाही. मग मला कळले. ते पान धुतलेले नव्हते. बाबा ज्या संध्याकाळी शेवटचे पेठेतून आले, त्या संध्याकाळी सोडलेले ते धोतर होते. तिने ते तसेच, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. पुडा सोडला तेव्हा खोलीत हळदीचा वास आला. अंधारात राहिल्यामुळे रंग जसाच्या तसा होता. सोग्यावर चार बोटांचे ठसे म्हणावेत असे काही तरी होते.

"राहू दे," मी म्हटले. "मी पेठेतून मलमल आणते. चार वेळा उकळली की होईल मऊ."

"चार वेळा उकळून वाळवणार कशावर? आकाश बघितलंस का?"

तिने स्वतःच पातेले चढवले. धोतर साबणाच्या पाण्यात बुडवले आणि पाणी लालभडक झाले. बहीण पलंगावरून उठून पाहायला आली. आम्ही तिघी त्या पातेल्याभोवती उभ्या होतो. आई लाकडाच्या दांड्याने धोतर दाबत होती. वाफ फार होती. तिने पदराने तोंड पुसले.

त्या पानाचे चौदा लंगोट झाले. शेगडीवर वाळले तेव्हा फिकट पिवळे दिसत होते, आणि पोर त्यांत गुंडाळली की काकू म्हणत, "हळद लागली गं बाई हिला!" चट्टे तोवर ओसरले होते. पोरीचे वजन दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम वाढू लागले. माझी रजा संपायला दोन दिवस असताना ऊन पडले. आषाढातले ऊन ते, पण कडक होते. मी सगळी बाळोती गच्चीवर नेऊन दोरीवर टाकली. संध्याकाळी काढली तेव्हा ती पांढरी झाली होती. मोजली, तर पहिली सात आणि ही तेरा. एक कमी.

तो लंगोट आतल्या खोलीत, देवघराजवळच्या दांडीवर होता. वारा नाही, ऊन नाही, अजून ओलाच. एका कोपऱ्याला पिवळा. मी तो ओढून घेऊन गच्चीकडे निघाले, तशी आई पाळण्यापाशी बसल्या बसल्या म्हणाली, "तो राहू दे गं. तो घरातच वाळतो."